इंजिनाचा कोंडलेला दम

गेल्या महिन्यात मिक्सरच्या कपलरवर लिहिलं, तर भगिनींचे फोन आले आणि बंधूंचे टोमणे. “आमच्या कामाचं कधी लिहिणार?” म्हणून या वेळी गाडी. मात्र आधीच सांगून टाकतो, की हे काम आमच्या घरात मुलीने केलं. आम्ही बॅटरी धरून उभे होतो आणि मधूनमधून नको ते सल्ले देत होतो.

अम्मांचं डायलिसिस सुरू होऊन सात महिने झाले. मंगळवार आणि शनिवार. इथे धाराशिवला (अम्मांच्या तोंडी अजून उस्मानाबादच आहे) सोय नाही असं नाही, पण त्यांचे डॉक्टर पहिल्यापासून सोलापूरचे आणि अम्मांचा त्यांच्यावर भरवसा. म्हणून फजर झाली की निघायचं. तुळजापूर, मग घाट उतरून तामलवाडी, मग सोलापूर. जायचे सुमारे पासष्ट किलोमीटर, यायचे तेवढेच. जाताना अम्मा पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक बदललेल्या पाटीवर बोलतात. येताना मागच्या सीटवर बेगमच्या मांडीवर डोकं ठेवून पडून असतात. चार तास यंत्रावर काढलेल्या माणसाला एसटीच्या फाट्यावर उभं करता येत नाही. सांगायचं एवढ्यासाठी, की गाडी ही आमच्याकडे मिरवायची वस्तू नाही.

गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलवरची, एक लिटर इंजिनाची, एमएच २५ पाटीची, आणि आमच्याकडे आली तीही दुसऱ्या हाताने. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या हलगर्जीचं खापर तिच्या माथी कशाला? हलगर्जी अशी, की अम्मांच्या सोलापूरच्या खेपा सुरू होण्याआधी ही गाडी घर ते दुकान, दुकान ते बाजार, एवढीच फिरायची. दोन किलोमीटर जायचं आणि बंद करायची. वर्षाला तीन हजार किलोमीटरही होत नसत. आम्ही हिशेब केला, गाडी चालतच नाही तर ऑइल कशाला बदलायचं? दोन-दोन वर्षं बदललं नाही. सर्व्हिसच्या पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात, तिकडे आमचं लक्षच गेलं नाही.

मग एकदम महिन्याला हजार-अकराशे किलोमीटरची धाव सुरू झाली आणि गाडी बोलायला लागली. परतीच्या वाटेवर तुळजापूरचा घाट चढून वर आलं की आरशात निळसर धूर. पहाटे सुरू केली की इंजिन डचके घ्यायचं, जसं कुणी झोपेतून उठून खोकावं. टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल झिरपायचं, त्यावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसून जाड पपडी झालेली. आणि ऑइल महिन्याला जवळपास लिटरभर गायब.

मेकॅनिकला दाखवली. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी काढली. आतून भसाभसा वाफ आली. “बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्या. हेड खोलावं लागेल, रिंग-पिस्टन, पॅकिंग, सगळं धरून अठ्ठावीस हजार. आठ-दहा दिवस गाडी ठेवा.”

अठ्ठावीस हजार घरात होते. मुलीच्या पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेले. आणि आठ-दहा दिवस म्हणजे अम्मांच्या निदान दोन खेपा, त्यांना भाड्याची गाडी. त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. मुलगी मध्येच म्हणाली, “फी हप्त्याने भरता येते, अब्बा.” तेव्हा तर घास गिळवेना.

आमचा भाचा दम्मामला एका गॅरेजात कामाला आहे. शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, अम्मांची तब्येत विचारायला. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. तो म्हणाला, “मामू, इंजन को हात नक्को लगाने देव. पैले ऑइल की टोपी खोल के उलटी बताव.” मोबाइल धरून टोपी दाखवली. आतल्या बाजूने पांढरट-तपकिरी लोण्यासारखा थर. “गाडी पानी पीरी क्या?” रेडिएटरची पातळी महिनोन्‌महिने जागेवर होती, पाणी कधी वरून टाकावं लागलं नव्हतं. “फेर हेड की पॅकिंग का काम नै दिखता. पैले पीसीव्ही देखो. छोटा वाल्व रैता, अंगूठे इत्ता. वो चोक हुआ तो भी यैच होता.”

हा पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते आधी स्वयंपाकघरातून सांगतो, कारण आम्हाला ते तिथूनच कळलं.

कुकरची शिट्टी चोंदली तर काय होतं? वाफ आत मावत नाही, ती दुसरी वाट शोधते, आणि रबराच्या कडेने फुसफुसायला लागते. अनाडी माणूस म्हणतो रबर खराब झालं. नवं रबर आणतो, तेही फुसफुसतं. दोष शिट्टीचा असतो. इंजिनातही असंच आहे. पेट्रोल पिस्टनच्या डोक्यावर जळतं. त्या स्फोटाचा बहुतेक जोर पिस्टन खाली ढकलतो, पण थोडा वायू रिंगांच्या फटीतून निसटून खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतोच. नव्या कोऱ्या इंजिनातही उतरतो. त्या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात आणि पाण्याची वाफ असते. पाण्याचं ऐकून आम्हाला नवल वाटलं होतं, पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं (थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच), थोडं खाली उतरतं. इंजिन नीट तापलं तर तेही उडून जातं. दोन किलोमीटरवर बंद केलं तर तिथेच गार होतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं, आणि ते लोणी तयार होतं. आमची टोपी काय सांगत होती ते आता कळलं असेल.

खाली साठलेला हा वायू बाहेर काढायला पूर्वी सरळ उपाय होता. इंजिनाच्या पोकळीतून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली. गाडी धावली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर खेचला जायचा. गाडी उभी असली की ओढ बंद. शिवाय सगळी घाण हवेत. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायचे होते, तेव्हा असली उघडी नळी चालणार नव्हती, कारण पाणी आत शिरलं असतं. तिथे हा वायू बाहेर न सोडता पुन्हा इंजिनातच ओढून घ्यायची युक्ती कामी आली. पण घरगुती गाड्यांवर ती आली लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं का साचतं, याचा उलगडा १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या जन्माने डच असलेल्या रसायनशास्त्रज्ञाने केला. गाड्यांतून आणि तेलशुद्धी कारखान्यांतून सुटणारी न जळलेली पेट्रोलची वाफ उन्हात हवेतल्या दुसऱ्या वायूंशी मिळते, त्यातून ते बनतं. पुढे लक्षात आलं, की गाडीतून बाहेर पडणाऱ्या असल्या वाफेतला सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नाही, तो इंजिनाच्या या पोटातून येतो. १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर हा व्हॉल्व्ह बसू लागला आणि १९६३च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत. गाड्यांच्या प्रदूषणाविरुद्ध माणसाने बसवलेली ही पहिलीच वस्तू, आणि ती अंगठ्याएवढी. आपल्याकडच्या भारत स्टेजच्या नियमांनीही हा वायू उघड्यावर सोडायला मनाई आहे.

आता व्हॉल्व्ह कशाला? नुसती नळी जोडली असती तर? नळीचं दुसरं टोक जिथे जोडलेलं असतं त्या मेनिफोल्डमधली ओढ सारखी बदलते. गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा ओढ बरीच जास्त, पण खालून निसटणारा वायू थोडा. तेव्हा नळी सताड उघडी राहिली तर जास्तीची हवा घुसून इंजिन डगमगेल. म्हणून आतला छोटा दट्ट्या त्या ओढीने पुढे सरकतो आणि वाट अरुंद करतो. गाडी रस्त्याला लागली की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे लोटते, वाट रुंद होते. इंजिन बंद असताना वाट बंद. आणि मेनिफोल्डमध्ये कधी उलटा भडका झाला तर दट्ट्या मागे आदळून वाट मिटवतो, म्हणजे खालच्या वाफेपर्यंत आग जात नाही. एक स्प्रिंग, एक दट्ट्या, एवढ्यावर हा सगळा न्याय चालतो.

तो चोंदला की पोकळीतला दाब वाढतो, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल सील रडायला लागतात, ऑइल एअर फिल्टरकडच्या नळीत उलटं चढतं आणि जळून निळा धूर होतो. घाटात धूर जास्त का, तेही यातूनच कळतं, कारण चढावर इंजिनावर जोर पडतो तेव्हा रिंगांतून निसटणारा वायूही सगळ्यात जास्त असतो. आणि तो उघडा अडकला तर याच्या उलट: इंजिन नुसतं चालू असताना डचके घेतं, ऑइल थेट ओढलं जातं. ऑइल दोन्हीकडून कमी होतं, म्हणून नुसतं ऑइल खातेय एवढ्यावरून निदान करू नये.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मुलीने बॉनेट उघडलं. ओढणी काढून ठेवली, बांगड्या काढल्या. आम्ही म्हटलं, इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात जाता कामा नये. ती म्हणाली, “माहीत आहे, अब्बा, तुमच्या शर्टाच्या बाह्या वर करा.” त्या खरंच लोंबत होत्या.

आमच्या गाडीत व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्ये रबरी बुशात दाबून बसवलेला आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकापासून एक नळी मेनिफोल्डकडे जाते. काही गाड्यांत तो मेनिफोल्डमध्येच आटे पाडून बसवलेला असतो. भाच्याने सांगितल्याप्रमाणे तिने इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह बुशातून हलकेच वर ओढला आणि त्याच्या तोंडावर बोट ठेवलं. तिथे ओढ लागायला हवी, बोट चिकटल्यासारखं. काही नाही. मग तिने व्हॉल्व्हही काढून नुसत्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं, तर ते चटकन खेचलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. म्हणजे नळी मोकळी आहे, मेनिफोल्डचं भोक मोकळं आहे, अडलंय ते मधल्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात. हे दुसरं बोट ठेवायचं आम्हाला सुचलं नसतं. आम्ही थेट व्हॉल्व्ह आणायला निघालो असतो, आणि दोष नळीत असता तर नवा व्हॉल्व्ह बसवूनही तेच.

आणखी एक परीक्षा आहे, ती बेगमने केली. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, ऑइलची टोपी काढायची आणि तिथे वहीचा एक पातळ कागद ठेवायचा. तब्येत चांगली असेल तर कागद हळूच चिकटतो. आमचा पतंगासारखा उडाला. (कागद लहान नको, आत पडेल. आणि तोंड लांब ठेवा, ऑइलचे शिंतोडे गरम असतात.)

इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाजवळ धरून हलवला. आतला दट्ट्या खडखड वाजला पाहिजे. आमचा मुका होता. आत काळा चिखल. मात्र उलट अर्थ काढू नका: वाजतोय म्हणजे ठीकच आहे असं नव्हे, स्प्रिंग थकलेली असली तरी तो वाजतो. आणखी एक, कुणी सांगेल तोंडाने फुंकून बघा. फुंकू नका. त्या वाफेत काय काय असतं ते वर लिहिलं आहे.

साफ करून चालला असता का? कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून पुष्कळ जण चालवतात, आणि खेड्यात रविवारी गाडी अडली तर तो उपाय वाईट नाही. पण फवारा पेट घेणारा असतो, उघड्यावरच मारावा, आणि थकलेली स्प्रिंग त्याने तरुण होत नाही. नवा अडीचशे रुपयांच्या आत येतो. जिथे अठ्ठावीस हजारांची गोष्ट चालली होती तिथे अडीचशे वाचवण्यात आम्हाला अर्थ दिसला नाही.

शनिवारी अम्मा यंत्रावर असताना आमच्याकडे चार तास मोकळे होते. सोलापुरात सुट्या भागांच्या दुकानात जुना नमुना खिशात घालून गेलो. पहिल्या दुकानदाराने नमुना बघून तसाच एक काढून दिला, चाळीस रुपये स्वस्त. दिसायला हुबेहूब. पण भाच्याने बजावलं होतं, दिसण्यावर जाऊ नका, आतली स्प्रिंग आणि भोक प्रत्येक इंजिनासाठी वेगळं असतं. दुसऱ्या दुकानात आरसी बुकावरचा चासी नंबर विचारला, पुस्तकात बघून नंबर जुळवून दिला. तोच घेतला. सोबत नवा रबरी बुश, नळी आणि दोन क्लिपा. नळी ऑइल सोसणाऱ्या रबराचीच हवी. बागेच्या किंवा गॅसच्या नळीचा तुकडा कापून घालणारे महाभाग आहेत. ती महिन्याभरात फुगते, मऊ पडते आणि ओढीने आतल्या आत चपटी होऊन पुन्हा वाट बंद.

बसवायला भाच्याच्या हिशेबाने दहा मिनिटं. आम्हाला मगरिबची अजान ऐकू येईपर्यंत लागली, म्हणजे दीड तास. त्यातला एक तास एका तुकड्याने खाल्ला.

इंजिन पूर्ण गार होतं, किल्ली काढून आमच्या खिशात. (किल्ली खिशातच हवी, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही अचानक फिरतो.) मुलीने आधी कापडाने आजूबाजूची धूळ पुसली, नाहीतर ती भोकातून आत जाते, आणि आपल्या भागात धूळ म्हणजे दळलेला दगडच. नळी पक्कडीने न ओढता क्लिप सरकवून, पिळून सोडवली. व्हॉल्व्ह निघाला. मग बुश. सोळा वर्षांची उष्णता खाऊन तो रबराचा राहिला नव्हता, पापडासारखा कडक झाला होता. काढताना मोडला आणि मुगाच्या डाळीएवढा एक तुकडा भोकातून आत गेला.

आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत राहिलो. इथे आम्ही पहिल्यांदा मेकॅनिकला फोन करू म्हणालो. मुलगी म्हणाली, थांबा. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं, तर कव्हरच्या आत भोकाखाली पत्र्याची एक आडवी पट्टी होती (ऑइल थेट व्हॉल्व्हकडे उडू नये म्हणून ती बहुतेक इंजिनांत असते) आणि तुकडा तिच्यावर अडकलेला. घरात अणकुचीदार चिमटा एकच, बेगमचा भुवया कोरायचा. त्याने तुकडा निघाला. चिमटा अजून परत मागितला जातोय. तुम्ही करणार असाल तर बुश मोडण्याआधी भोकात कापडाचा बोळा सरकवा, आणि बोळ्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा.

नव्या बुशाला बोटाने थोडं इंजिन ऑइल लावून अंगठ्याने दाबला, बसला. हातोडी नाही, पान्याचं बूड नाही. व्हॉल्व्हवर बाण असेल तर तो मेनिफोल्डकडे जाणारा हवा. जोडण्याआधी नवा व्हॉल्व्ह हलवून बघितला. खडखड. तो आवाज ऐकून अम्मा आतून विचारत्या झाल्या, “क्या बजरा?” क्लिपा जागेवर सरकवल्या, प्लॅस्टिकच्या तोटीवर फार आवळल्या नाहीत. गाडी चालू केली. डचके गेले होते, पण आम्हाला त्याचा भरवसा वाटेना, म्हणून कागद पुन्हा ठेवला. चिकटला. बेगमने तो दोनदा काढून दोनदा ठेवला.

नुसता व्हॉल्व्ह बदलून थांबलो नाही. ज्या ऑइलने त्याला चोंदवलं ते आत ठेवून काय उपयोग? ऑइल आणि त्याचा फिल्टर लगेच बदलले, पाचशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं, कारण सुटलेला चिखल त्यात उतरतो. एअर फिल्टर ऑइलने भिजला होता, तोही नवा. सगळं धरून खर्च तीन हजारांच्या आत-बाहेर.

आता मेकॅनिकचं. पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्याकडेच गेलो आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगितलं, काही शे रुपयांत होतं. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास निघाले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, धूर आणि वाफ बघून आम्ही रिंगाच म्हणतो, बहुतेक वेळा तेच निघतं. आम्हाला त्यात लबाडी वाटली नाही. रोज वीस गाड्या बघणारा माणूस घाईत असतो. पण कुणीही इंजिन खोलायला सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन बघायला लावा आणि हा व्हॉल्व्ह हलवून बघा, एवढं आम्ही आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. हाच क्रम, स्वस्त ते आधी.

एका जुगाडाबद्दल मात्र कडक बोलावं लागेल. व्हॉल्व्ह चोंदला की तो काढून टाकायचा, भोक बूच मारून बंद करायचं आणि ब्रीदरची नळी खाली रस्त्याकडे सोडून द्यायची. “गाडी मोकळा श्वास घेते” असं सांगतात. आपल्या तालुक्यांतल्या रस्त्यांवर अशा नळ्या लोंबणाऱ्या गाड्या पुष्कळ दिसतील. इंजिन थंड होताना त्याच उघड्या नळीतून धूळ आत ओढतं, मेनिफोल्डकडून होणारी सफाई बंद पडते, म्हणजे चिखल दुप्पट वेगाने जमतो, आणि वाफ बॉनेटखाली साठून एसीच्या वाटे गाडीत येते. मागच्या सीटवर अम्मा असतात.

ज्यांची गाडी नवी आहे त्यांनी बॉनेट उघडून अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह शोधत बसू नये. पुष्कळ नव्या इंजिनांत तो टॅपेट कव्हरच्या आतच पडद्याच्या रूपात बसवलेला असतो आणि खराब झाला तर कव्हरसकट बदलतात. टर्बो आणि डिझेल गाड्यांची रचनाही वेगळी, तिथे हा लेख विसरा. वॉरंटी चालू असेल तर पाना हातात घेऊच नका.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं, तर महिन्याला लिटरभर जाणारं ऑइल आता पाव लिटरच्या आसपास जातं. पूर्ण थांबलेलं नाही. घाटात आरसा स्वच्छ असतो, पण पहाटे सुरू करताना एक छोटा निळा भपकारा अजून येतो. मेकॅनिक म्हणतात ती व्हॉल्व्हची सीलं आहेत (हे इंजिनाचे व्हॉल्व्ह, आपला नव्हे), वयाने कडक झालेली, आणि कधीतरी घालावी लागतील. त्याचे पैसे वेगळे ठेवायला सुरुवात केली आहे. टॅपेट कव्हरची पपडी खरवडून पुसली होती, तीन आठवडे ती जागा कोरडी आहे.

फी भरली, एकरकमी. गेल्या शनिवारी परतताना घाट चढून वर आलो, तेव्हा बेगमने मागून विचारलं, “धूर?” आम्ही आरशात बघून नाही म्हणालो. अम्मा झोपल्या होत्या. मंगळवारी निघण्यापूर्वी, इंजिन गार असताना, डिपस्टिक पुन्हा बघायची आहे.